विन्चेन्झो जुस्तिनियानी हा माणूस समजून घ्यायचा असेल तर त्याचं कलेक्शन असं बघा

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या मागे लागलेले बरेच लोक फिरून फिरून एका नावाशी येतात, मार्केझे (म्हणजे सरदारकीची एक पदवी) विन्चेन्झो जुस्तिनियानी. आणि तिथेच अडकतात, कारण बहुतेक ठिकाणी त्याला एका ओळीत उरकलेलं असतं, रोममधला श्रीमंत बँकर, काराव्हाज्जोचा मोठा गिऱ्हाईक, झालं. मला हे पटत नाही. हा माणूस सतराव्या शतकातल्या सगळ्यात तयार नजरांपैकी एक होता, आणि त्याचं आयुष्य वाचायचं असेल तर त्याने काय विकत घेतलं, कुठे टांगलं, आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेलं काय उचलून आणलं हे बघावं लागतं. कलेक्शन आता बर्लिन, पॉट्सडॅम, सेंट पीटर्सबर्ग, व्हिएन्ना, लंडन, रोम असं विखुरलंय, त्यामुळे क्रम ठरवून बघितलं नाही तर नुसतीच सुटी सुटी पेंटिंगं डोक्यात राहतात. मला जो क्रम बरोबर वाटतो तो सांगतो.

पहिली गोष्ट, पेंटिंगपासून सुरुवात करू नका, पैशापासून करा. घराणं मूळ जेनोवाचं, पण विन्चेन्झो जन्मला 1564 मध्ये कियोस बेटावर, आत्ताच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून असलेलं ग्रीक बेट ते. 1346 पासून तिथे जेनोवाच्या भागधारकांची एक कंपनी राज्य करत होती, माओना म्हणायचे तिला, आणि त्या भागधारकांनी सगळ्यांनी मिळून जुस्तिनियानी हे एकच आडनाव घेतलेलं. म्हणजे हे एका आजोबाची नातवंडं असलेलं घराणं नाहीच, ही धंद्यातून तयार झालेली भावकी आहे, हे लक्षात ठेवा. बेटावर मॅस्टिक नावाचा झाडाचा डिंक निघायचा, त्या व्यापाराची मक्तेदारी यांच्याकडे, पैसा त्यातला. मग 1566 मध्ये ऑटोमन आरमाराने बेट घेतलं, सगळं गेलं, आणि वडील ज्युझेप्पे कुटुंब घेऊन रोमला आले, तेव्हा विन्चेन्झो दीड-दोन वर्षांचं पोर.

रोममध्ये ज्युझेप्पेंनी बँकिंगमध्ये परत जम बसवला, पोपच्या दरबाराशी देणंघेणं सुरू झालं, आणि मोठा मुलगा बेनेदेत्तो चर्चमध्ये वर चढत 1586 मध्ये कार्डिनल झाला. एक भाऊ कार्डिनल, दुसरा बँकर, घरात पैसा पण आणि पोपच्या दारात वजन पण. 1600 मध्ये वडील गेले, आणि 1605 मध्ये विन्चेन्झोला बास्सानोचा (रोमच्या उत्तरेचं गाव) मार्केझे ही पदवी मिळाली. हे सगळं आधी माहीत असलं की एक गोष्ट आपोआप कळते, की या माणसाला सगळं हातचं जाणं म्हणजे काय ते घरातूनच माहीत होतं. म्हणून त्याने मृत्युपत्रात कलेक्शन विकता येणार नाही, फोडता येणार नाही अशी अट घातली तेव्हा ती नुसती सरंजामी हौस नव्हती असं मी मानतो.

आता घराकडे या. रोममध्ये पँथिऑनच्या जवळ वीया देल्ला दोगाना वेक्क्या नावाचा रस्ता आहे, तिथे पलाझ्झो जुस्तिनियानी, म्हणजे जुस्तिनियानींचा वाडा. कुटुंबाने तो 1590 मध्ये घेतला. आज तो इटलीच्या सेनेटकडे आहे, उठून आत जाता येत नाही, पण बाहेर उभं राहणं सुद्धा उपयोगाचं आहे, कारण रस्त्याच्या पलीकडे सान लुइजी देई फ्रान्चेझी हे चर्च आहे, ज्यात काराव्हाज्जोची सेंट मॅथ्यूची तीन पेंटिंगं आहेत. हे अंतर पायाने मोजून बघा. कुठल्याही पुस्तकापेक्षा यातून जास्त कळतं की बँकर आणि चित्रकार एकमेकांना कसे सापडले, हे सगळं एकाच गल्लीतलं प्रकरण होतं, आणि त्या चर्चमध्ये नवीन काही लागलं की घरातून बाहेर पडून दोन मिनिटांत जाऊन बघता यायचं.

चर्चमध्ये मधलं पेंटिंग नीट बघा, मॅथ्यू लिहितोय आणि वरून देवदूत बोटांवर मुद्दे मोजून दाखवतोय. हे दुसरं व्हर्जन आहे, 1602 चं. पहिलं व्हर्जन नाकारलं गेलं, कारण त्यात संत एखाद्या टकल्या शेतकऱ्यासारखा पायावर पाय टाकून बसलेला, उघडे पाय बघणाऱ्याच्या तोंडाशी, आणि देवदूत त्याचा हात धरून त्याच्याकडून हिब्रू अक्षरं गिरवून घेतोय, म्हणजे जवळजवळ निरक्षर माणूसच. अल्टारवर, म्हणजे चर्चच्या वेदीवर, हे चालणार नाही म्हणाले. आणि मग ते नाकारलेलं पेंटिंग जुस्तिनियानीने घेतलं, आपल्या घरी लावलं.

इथून तुम्हाला या माणसाची किल्ली मिळते, कारण त्याने हे एकदाच केलेलं नाही. मायकेलअँजेलो एक उभा ख्रिस्त कोरत होता, 1514 मध्ये ठरलेलं काम, आणि काम बरंच पुढे गेल्यावर संगमरवरात नेमकी चेहऱ्यावर काळी शीर निघाली, त्याने ते सोडून दिलं आणि दुसरा दगड घेऊन नव्याने केलं. तो दुसरा ख्रिस्त सांता मारिया सोप्रा मिनेर्वा चर्चमध्ये आहे, जुस्तिनियानीच्या घरापासून चालत पाच-सात मिनिटं. आणि तो टाकलेला, काळ्या शिरेचा? तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विन्चेन्झोने घेतला, दुसऱ्या शिल्पकाराने पूर्ण केला, आणि शेवटी तो बास्सानोच्या सान विन्चेन्झो चर्चमध्ये पोचला, जिथे तो कोणाचा आहे हेच लोक विसरले, थेट 2000 च्या आसपास अभ्यासकांनी ओळखेपर्यंत. 2017 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत तो प्रदर्शनाला पण येऊन गेला. तर दोन्ही ख्रिस्त बघायचे असतील तर आधी मिनेर्वामधला बघा, तो पूर्ण आणि गुळगुळीत आहे आणि कमरेला नंतर बसवलेलं ब्राँझचं वस्त्र आहे, आणि मग बास्सानोला जाऊन दुसऱ्याचा चेहरा शोधा, नाकाच्या बाजूने गालावर उतरणारी ती काळी रेघ. बहुतेक श्रीमंतांनी तिच्यामुळेच पाठ फिरवली असती.

आता खरा अभ्यास, म्हणजे यादी. विन्चेन्झो 27 डिसेंबर 1637 ला गेला आणि 1638 मध्ये घरातल्या सगळ्या वस्तूंची मोजदाद झाली. ही यादी कला-इतिहासकारांनी छापलेली आहे आणि त्याचं चरित्र वाचायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी माहीत नाही. सुमारे 600 पेंटिंगं, आणि पुरातन शिल्पं हजारावर. त्यातली 15 काराव्हाज्जोच्या नावावर. वाचताना काही गोष्टी सांभाळा. मापं पाल्मीमध्ये असतात, रोमन पाल्मो म्हणजे साधारण 22 सेंटिमीटर, त्यामुळे एखादं पेंटिंग आज म्युझियममध्ये आहे तेच का हे तपासायचं असेल तर 22 ने गुणा आणि वेबसाइटवरच्या मापाशी जुळवा. उदाहरणार्थ बर्लिनमधला काराव्हाज्जोचा तो हसणारा आमोर, म्हणजे प्रेमदेव, 156 बाय 113 सेंटिमीटर आहे, म्हणजे सात बाय पाच पाल्मी. थोडा फरक पडणारच, फ्रेम, नंतर कापलेले काठ, अंदाजे मोजणं, पण दुप्पट फरक आला तर ते पेंटिंग वेगळंच आहे असं समजा.

दुसरं सांभाळायचं म्हणजे भाऊ. बेनेदेत्तो स्वतः मोठा संग्राहक होता आणि 1621 मध्ये तो गेल्यावर त्याची पेंटिंगं विन्चेन्झोकडे आली, म्हणून 1638 च्या यादीतली प्रत्येक गोष्ट विन्चेन्झोची आवड धरू नका. बेनेदेत्तोच्या याद्या वेगळ्या आहेत, शक्य असेल तिथे त्याच्याशी ताडून बघा. कार्डिनलची आवड धार्मिक विषयांकडे जास्त झुकलेली, धाकट्याची जास्त मोकळी. हा फरक समोरासमोर बघायचा असेल तर बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत जा. तिथे काराव्हाज्जोचा आमोर आहे, विन्चेन्झोसाठी केलेला, नागडा पोरगा, गरुडाचे पंख, पायाखाली व्हायोलिन, ल्यूट हे तंतुवाद्य, चिलखत, कंपास, मुकुट, सगळं जग तुडवून खिदळतोय. आणि त्याच म्युझियममध्ये दुसऱ्या एका चित्रकाराचं, बाल्योनेचं, उत्तर आहे, चिलखत घातलेलं दैवी प्रेम त्या पोराला खाली पाडतंय, ते कार्डिनल भावासाठी, आणि बक्षीस म्हणून बाल्योनेला सोन्याची साखळी मिळाली. 1603 मध्ये बाल्योनेने काराव्हाज्जो आणि मित्रांवर बदनामीचा खटला भरला, त्याच्यामागची आग यातलीच. एका घरातले दोन भाऊ, दोन चित्रकार, आणि वरच्या मजल्यापासून खालच्या अंगणापर्यंत चर्चा काय रंगली असेल याची कल्पना करता येते.

आमोरसमोर असताना वहीवर ते मोठं व्ही अक्षर शोधा, काही अभ्यासकांना वाटतं ते विन्चेन्झोचं आद्याक्षर आहे. मला ते पटतं, पण त्याच्यावर सगळा डोलारा उभा करू नका. मग दहा पावलं मागे या आणि हिरवा पडदा मनात आणा. योआखिम फॉन झान्द्रार्ट नावाचा जर्मन चित्रकार बरीच वर्षं या पलाझ्झोत राहिला होता आणि त्याने पुढे 1675 मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की हे पेंटिंग एका दालनात इतर 120 चांगल्या कामांबरोबर होतं, आणि त्याच्या सल्ल्याने ते गडद हिरव्या रेशमी पडद्याखाली ठेवलं, पाहुण्यांना सगळं दाखवून झाल्यावर शेवटी उघडायचं, नाहीतर बाकीच्यांकडे कोणी बघणार नाही. तुम्हीही तसंच करा, गेमेल्डेगॅलरीत आधी बाकीची दालनं करा, आमोर शेवटी.

यादीनंतर त्याचं पत्र वाचा. आणि इथे मला या माणसाबद्दल खरंच प्रेम वाटतं, कारण हा स्वतः मार्गदर्शक लिहिणारा माणूस होता. चित्रकला, शिल्प, वास्तुकला, शिकार, प्रवासाला निघताना काय काळजी घ्यावी, सगळ्यावर लिहिलंय, संगीतावर 1628 मध्ये. चित्रकलेवरचं पत्र तेओदोरो आमाइदेन या मित्राला आहे आणि त्यात चित्र काढण्याच्या बारा पद्धती सोप्याकडून अवघडाकडे लावल्यात. पहिली अगदी प्राथमिक, भोकं पाडलेल्या कागदावर पावडर आपटून नक्षी उतरवायची, मग दुसऱ्याचं चित्र बघून कॉपी, पुढे पोर्ट्रेट, फुलं आणि बारीक वस्तू, इमारती, निसर्गदृश्यं असं चढत चढत जातं. दहावी म्हणजे समोर काही न ठेवता नुसत्या मनातून काढणं, अकरावी म्हणजे समोर मॉडेल ठेवून जसंच्या तसं, त्यात तो रुबेन्स, रिबेरा, होन्टहोर्स्ट यांना घालतो. आणि बारावी, सगळ्यात वरची, दहावी आणि अकरावी एकत्र करणारे, तिथे काराव्हाज्जो, कार्राची बंधू आणि ग्विदो रेनी. हे फार महत्त्वाचं आहे बघा. काराव्हाज्जो आणि कार्राची हे दोन विरुद्ध गट आहेत असं आपण शिकतो, आणि ज्याच्या घरात दोघांची कामं होती तो बँकर म्हणतोय, दोघे एकाच पायरीवर.

फुलांच्या पायरीवर तो काराव्हाज्जोचं एक म्हणणं नोंदवतो, की फुलांचं चांगलं चित्र काढायला त्याला माणसांच्या चित्राइतकीच मेहनत लागते. हे वाचून झालं की सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधला ल्यूट वाजवणारा बघा, स्क्रीनवर झूम करून बघितलं तरी चालेल, याच घरातलं पेंटिंग ते, 1808 मध्ये रशियाला गेलं. डावीकडे काचेच्या भांड्यात फुलं, काचेवर खिडकीचा उजेड, खाली फळं, आणि पोराच्या समोर उघडी वही ज्यातले स्वर वाचता येतात, आर्काडेल्ट या संगीतकाराची माद्रिगालं, म्हणजे गाणी, आहेत ती. संगीतावर लिहिणाऱ्या माणसाच्या घरात स्वर चुकलेली वही चालली नसती. पत्र एका हातात आणि हे पेंटिंग समोर, असं एक तास जरी बसलात तरी त्या घरात संध्याकाळी कसल्या गप्पा होत असतील ते कळायला लागतं.

पत्राची फूटपट्टी बाकी पेंटिंगांना लावून बघणं हा मग सवयीचा भाग होतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत होन्टहोर्स्टचं ख्रिस्त मुख्य पुरोहितासमोर हे मोठं पेंटिंग आहे, विन्चेन्झोसाठीच केलेलं, टेबलावर एकच मेणबत्ती, पुरोहिताचं बोट वर, ख्रिस्ताचे हात बांधलेले, आणि बाकीचे चेहरे अंधारात अर्धे विरघळलेले. अकरावी पायरी. त्याच्याशी पॉट्सडॅमच्या सां सुसी चित्रदालनातला काराव्हाज्जोचा अविश्वासी थॉमस ताडून बघा, तिथे थॉमसच्या खांद्यावरची शिवण उसवलेली आहे, बोट जखमेत गेलंय आणि ख्रिस्त स्वतः त्याचं मनगट धरून आत नेतोय. मॉडेल समोर ठेवलेलं आहेच, पण चार डोकी अशी एकमेकांना चिकटवून एका बिंदूवर आणणं मॉडेल करून देत नाही. हीच बारावी.

फ्रान्समध्ये शांतियीला कोंदे म्युझियममध्ये पुसाँ या चित्रकाराचं निष्पाप बालकांचं हत्याकांड (बायबलमधला प्रसंग) आहे, ते पण याच घरातलं. ते बघण्याआधी कियोसची गोष्ट परत आठवा. 1566 नंतर जुस्तिनियानी भावकीतली 18 मुलं ऑटोमनांनी नेली आणि धर्म बदलायला नकार दिला म्हणून मारली अशी घराण्याची परंपरा सांगते, आणि काही अभ्यासक या पेंटिंगचा संबंध तिच्याशी लावतात. पुसाँने गर्दी काढलेली नाही, एक सैनिक, एक मूल, एक किंचाळणारी आई, बस. हे मागवणारा माणूस त्या बेटावर त्याच सुमारास जन्मलेला, वाचलेला.

शिल्पांकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नका, त्याच्या स्वतःच्या लेखी ती पेंटिंगांपेक्षा कमी नव्हती. 1630 च्या दशकात त्याने गाल्लेरिया ज्युस्तिनियाना नावाचे दोन मोठे खंड काढले, कलेक्शनमधल्या शिल्पांची तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, झान्द्रार्टच्या देखरेखीखाली. खाजगी कलेक्शनचं असं छापील रूप तेव्हा नवीनच होतं. त्याची पानं स्कॅन केलेली मिळतात, ती उघडा आणि मूळ शिल्पं शोधा. मिनेर्वा जुस्तिनियानी हा मिनेर्वा देवीचा पुतळा व्हॅटिकन म्युझियममध्ये आहे. बरीचशी शिल्पं एकोणिसाव्या शतकात तोर्लोनिया घराण्याकडे गेली, तेही बँकरच, आणि अनेक दशकं बंद राहिली, 2020 पासून प्रदर्शनांमध्ये बाहेर येतायत. त्यातला बसलेला बोकड चुकवू नका, धड पुरातन, डोकं नंतर बसवलेलं आणि ते शिल्पकार बेर्निनीचं मानतात. दाढीचे केस बघा, जुन्या आणि नव्या दगडाचा सांधा कुठे आहे ते शोधायला वेळ लागतो.

मृत्युपत्रातली अट शेवटी टिकली नाही. वारस कर्जात गेले, पेंटिंगं पॅरिसला विक्रीला गेली, आणि 1815 मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याने दीडशेहून जास्त एकदम घेतली, बर्लिनच्या म्युझियमचा पाया त्यात आहे. मे 1945 मध्ये बर्लिनमधल्या फ्रीडरिक्सहाइनच्या विमानविरोधी टॉवरमध्ये ठेवलेली चारशेहून जास्त पेंटिंगं आगीत गेली, त्यात या घरातले तीन काराव्हाज्जो, ते नाकारलेलं पहिलं मॅथ्यू, फिल्लिदे नावाच्या गणिकेचं पोर्ट्रेट, आणि ऑलिव्हच्या डोंगरावरचा ख्रिस्त. यांचे फक्त काळे-पांढरे फोटो उरलेत. फोटो बघताना रंग कल्पनेने भरू नका, उजेड कुठून येतोय तेवढं बघा, तेवढं फोटोत खरं आहे. इंटरनेटवर रंगवलेली व्हर्जनं फिरतात, ती बाजूला ठेवा.

रोममध्ये एकच दिवस असेल तर सकाळी सान लुइजी, तिथून पलाझ्झोचा दरवाजा बाहेरून, मग मिनेर्वा चर्चमधला ख्रिस्त, दुपारी व्हॅटिकनमध्ये ब्राच्चो नुओव्हो, म्हणजे मिनेर्वाचा पुतळा असलेलं दालन. दुसरा दिवस हाताशी असेल तर तो बास्सानो रोमानोला द्या, रोमच्या उत्तरेला, व्हितेर्बो प्रांतात. तिथल्या त्याच्या वाड्यात 1609 च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत, एका खोलीत दोमेनिकीनोची डायना आणि मोठ्या दालनाच्या छतावर आल्बानीचा फेथॉन, ग्रीक पुराणातला सूर्याचा मुलगा, रथातून कोसळतोय. जायच्या आधी वाडा आणि चर्च दोन्ही उघडे आहेत का हे विचारून घ्या.